हिर्डोशीच्या जीपचं पाणी

हिर्डोशी, ता. भोर
९ जानेवारी २०२५

गुलजार,

तुला अंबूचा नमस्कार. हितं समदी बरी हायेत, थंडी मात्र लई पडलीया. मोबाईलला रेंज घावाया टेकावर चढावं लागतं आन् माजं गुडघं टेकाचं नाव काढू देत न्हाईत. म्हणून ही चिठ्ठी तुज्या पुतण्यापाशी, एहसानपाशी देती. त्याचा दुधाचा टेम्पो रोज आमच्या दारावरनं जातो हे एक बरं झालं. भोरच्या शाळेत एका बाकावर बसायचो तवा तू माजी पाटी पुसायचीस, आता माजी जीप बघ.

जीप कुरकुरतीया. चालू केली की पुढनं कोरडं जातं फिरवल्यागत आवाज येतो. तुला म्हाईतच हाय, आमच्या ह्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढल्यापासनं जीप माजी सून शेफालीच चालवतीया. हिचा नवरा, माजा धाकला, पुण्याला कंपनीत, आन् ही हितं स्टेरिंगवर. खोऱ्यातल्या पोरी भोरच्या कॉलेजात जात्यात त्या हिच्या जिवावर. यष्टीचा भरवसा न्हाई, आन् चालवणारी बाई हाय म्हणून आया बिनघोर पोरी धाडत्यात.

पण आमचं थोरलं भावजी, रखमाजी, पहिल्या दिसापासनं टपून बसल्यात. "बाईच्या हातात इंजिन टिकत न्हाई. इंजिन गेलं की किल्ली माज्या स्वरूपला द्यायची," असं चारचौघांत बोललं. आन् आमच्या ह्यांनी मान हलवली! थोरल्या भावाला न्हाई कोण म्हणणार? त्यो स्वरूप एका हातानं गाडी चालवतो आन् दुसऱ्या हातानं मोबाईल. त्याच्या गाडीत कुणी आपली लेक बसवणार न्हाई. शेफालीच्या हातनं किल्ली गेली की पोरी घरात बसल्या म्हणून समज.

जीपच्या रेडिएटरातल्या पाण्याचं म्हणशील तर थेंब कमी व्हत न्हाई. शेफाली रोज सकाळी बूच उघडून बघती, काठोकाठ असतं. आता तूच सांग काय करू.

तुजी अंबू


कापूरहोळ
१३ जानेवारी २०२५

प्रिय अंबू,

सलाम. पाटी मी पुसायची कारण तू तिच्यावर माझंच चित्र काढायचीस, ह्या एवढ्या नाकाचं. तेही सांग की!

आमचे इब्राहीम गेल्यापासून गॅरेजात आवाज ऐकायचं काम माझं आणि हात काळे करायचं काम लेकाचं, फिरोजचं. पण चिठ्ठीतून आवाज ऐकायची वेळ पहिल्यांदाच आली बाई. तू म्हणतेस तसा आवाज एक तर पट्ट्याचा, नाहीतर वॉटर पंपाचा. इंजिनाच्या अंगातून पाणी फिरवून त्याला गार ठेवतो तो वॉटर पंप. तो मरायला टेकला की आधी पाणी गाळायला लागतो. तुझं पाणी जर थेंबभरही कमी होत नाही, तर पंप ठणठणीत आहे. पट्टाच सैल झाला असणार. पोरींना सोडून झाल्यावर शेफालीला पुढं कापूरहोळपर्यंत येऊ दे, फिरोज पट्टा बदलून देईल.

आता हे तिला मोठ्यानं वाचून दाखव. कधीही गाडी तापली आणि काटा लाल पट्टीत गेला, की असशील तिथं गाडी बाजूला घे आणि इंजिन बंद कर, मग मागं कलेक्टर बसलेला असला तरी. "आता आलंच की गाव" म्हणून दामटली की इंजिनावरचं झाकण, म्हणजे हेड, वाकतं, त्याखालचं गॅस्केट जळतं, पिस्टन आतल्या आत चिकटून बसतात आणि इंजिनाला खांदा द्यायची वेळ येते. आणि तापल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही. चुलीवरच्या तापल्या खापरावर तांब्याभर पाणी ओतून बघ, म्हणजे कळेल. तुम्हा डोंगरातल्या लोकांना कुणी दमलेलं दिसलं की पाणी घेऊन धावायची खोड, म्हणून मुद्दाम लिहिते.

रखमाजींना माझा सलाम अजिबात सांगू नकोस.

तुझी गुलजार


हिर्डोशी
८ फेब्रुवारी २०२५

गुलजार,

फिरोजनं पट्टा बदलला, लेकराचं भलं व्हवो. चार दिस जीप गप व्हती. आता परत कुरकुरतीया, पण बारीक. शेफाली म्हणती, आणखी एकदा दाखवून येती. म्या म्हणलं, आता नको बाई, पोरींचं बारावीचं पेपर तोंडावर आल्यात. पेपर व्हऊ दे, मंग दोन दिस जीप गुलजारच्या दारात लाव.

आनंदाची गोष्ट अशी की पासलीच्या आमच्या लेकीला पोरगा झाला. आमचं हे बारशाला वेल्ह्याकडं गेल्यात आन् नातवाला मांडीवर घिऊन तिथंच बसल्यात, हलायचं नाव न्हाई. निगताना उंबऱ्यात उभं राहून मला काय सांगावं? "जीपला सकाळचं पाजत जा." म्या म्हणलं, ती काय म्हैस हाय व्हय? म्हातारपणी माणूस कायबी बोलतं. म्या शेफालीला सांगितलं बी न्हाई.

उलट तिला म्हणलं, रोज रोज बूच उघडून काय बघतीस, कवा कमी असतं का पाणी? पेपरच्या दिसात तेवढाच येळ वाचव. तिच्या मनात नव्हतं, पण सासूचा शब्द म्हणून गप बसली. येताना वाड्यावाड्यांवर थांबणं बी बंद केलंय. पोरींना घरी जाऊन अभ्यास करू दे.

तुजी चिठ्ठी तिनं दोनदा वाचून घेतली. दुसऱ्यांदा मला म्हणली, "आत्या, ते खापराचं परत वाचा."

तुजी अंबू


कापूरहोळ
१८ फेब्रुवारी २०२५

अंबू,

काय झालं तिकडं? एहसान आज रिकामा टेम्पो घेऊन आला. सांगतो की दुधाऐवजी पोरी नेल्या कॉलेजात, जीप रस्त्यात उभी आहे आणि शेफाली तुझ्या थोरल्या दिराशी भांडते आहे. पुढचं त्याला काही माहीत नाही, गाढव कुठला. वाफ निघत होती म्हणतो.

बाकी सगळं राहू दे, एवढंच कळव. त्यात कुणी पाणी ओतलं का? ओतलं असेल तर मला आधी सांग, म्हणजे मी मनाची तयारी करते. आणि काहीही झालं तरी जीप चालू करून बघू नका. "बघू तरी" म्हणून कुणी किल्ली फिरवली तर मी स्वतः येऊन त्याचा हात मोडीन. ट्रॅक्टरनं ओढून आणा.

गुलजार


हिर्डोशी
१९ फेब्रुवारी २०२५

गुलजार,

तुजा जीव भांड्यात पडू दे म्हणून आदी हेच लिहिती. कुणी पाणी ओतलं न्हाई. शेफालीनं ओतू दिलं न्हाई. आता बैजवार ऐक.

गुडघं दाखवाया म्या बी भोरला निगाली व्हती, तवा पुढंच बसलेली. खालच्या वाडीला शिवानी चढली. भावजींचीच नात ती, स्वरूपची पुतणी. भावजी तिला पेपरला सोडाया रस्त्यावर आलेलं. तिथनं जीप हालली, वळण घेतलं, आन् शेफालीनं एकदम गाडी बाजूला घिऊन बंदच केली. म्या म्हणलं काय गं? तिनं नुसतं काट्याकडं बोट दावलं. पार लाल! बॉनेटमधनं वाफ यायला लागली.

पोरींनी कालवा केला. "ताई, पेपर! ताई, गेट बंद करत्यात!" शिवानी तर रडायलाच लागली. वाफ बघून भावजी घरात गेलं आन् पितळेची कळशी भरून पळत आलं. त्या वयात माणूस असं पळतं हे म्या पहिल्यांदाच बघितलं. मागनं फटफटीवर स्वरूप. "हो बाजूला, आत गार पाणी घाल आन् पळव," भावजी वरडलं.

आन् गुलजार, माजी सून बॉनेटम्होरं दोन्ही हात पसरून उभी राहिली की गं. "थोरले मामा, पाया पडते तुमच्या, पण पाणी घालू देणार न्हाई."

"अगं, तहानलेल्या जनावराला बी पाणी द्यावं माणसानं! माज्या नातीचं वरीस बुडवतीस व्हय?"

"पाणी घातलं तर इंजिन तडकंल. गार झाल्याबिगर कुणी हात लावायचा न्हाई."

खरं सांगती, तुजी चिठ्ठी म्याच वाचलेली, तरी माजा हात कळशीकडं गेला. आपल्या खोऱ्यात तहानलेल्याला पाणी न्हाई म्हणायची रीतच न्हाई. माणसं जमली. कुणी म्हणतंय निर्दयी हाय, कुणी म्हणतंय डोकं फिरलं. स्वरूप म्हणला, "वहिनी, किल्ली टाका हिकडं, मी दामटत नेतो भोरपत्तुर." तिनं किल्ली ओढणीच्या टोकाला बांधली आन् गाठ मारली. जागची हालली न्हाई.

तेवढ्यात तुजा एहसान आला. शेफाली सरळ टेम्पोला आडवी गेली. "कॅन उतरव. पोरी घे." एहसान म्हणतो, दूध नासंल. भावजी म्हणत्यात, त्यात माजं दूध हाय! तवा शेफाली काय म्हणली ऐक. "थोरले मामा, दूध उद्या परत येईल. पेपर येईल का?"

भावजींनी तिच्याकडं बघितलं, मंग रडत्या शिवानीकडं बघितलं. कळशी खाली ठेवली आन् पहिली कॅन सोताच उतरवली. पोरी टेम्पोत दाटीवाटीनं बसल्या, निम्म्या उभ्याच, आन् गेला टेम्पो धुरळा उडवीत. येळेत पोचल्या बग! नासू नये म्हणून दूध तिथंच वाटलं, आन् काल वाडीत घरटी बासुंदी व्हती.

पण बासुंदीनं भावजींचं तोंड गोड झालं न्हाई. सांच्याला येऊन बसलं आन् म्हणलं, "इंजिन बसलंय. वाफ म्या डोळ्यांनी बघितली. ती कापूरहोळची बाई खोलून सांगू दे, मंग किल्ली स्वरूपची." ह्यांना बी पासलीला निरोप धाडलाय.

जीप ट्रॅक्टरला बांधून तुज्याकडं येतीया, तोवर पोरींना पेपरला एहसानच न्हेणार हाय. शेफाली कालपासनं जेवली न्हाई. पोरींच्या आया येऊन नुसत्या उंबऱ्यावर बसून जात्यात. आता जे हाय ते तुज्या हातात.

अंबू


कापूरहोळ
२५ फेब्रुवारी २०२५

अंबू गं अंबू,

आधी शेफालीला जेवायला वाढ, मग पुढचं वाच.

इंजिन जिवंत आहे! हेड काढून त्याच्यावर पट्टी ठेवून पाहिलं, केसभरही वाकलेलं नाही. कुठं तडा नाही. गॅस्केट शाबूत, पिस्टन नव्या नवरीसारखे चकचकीत. फिरोजनं दोनदा पाहिलं, मी तीनदा पाहिलं, आणि शेजारच्या गॅरेजवाल्याला बोलावून त्यालाही दाखवलं, कारण मला कुणाला तरी दाखवायचंच होतं. वाफ निघाल्यावर आणखी मैलभर दामटली असती तर मेलं असतं. कळशी ओतली असती तर तिथंच तडकलं असतं. तुझ्या सुनेनं दोन्ही होऊ दिलं नाही. रखमाजींना सांग, कापूरहोळच्या बाईनं खोलून पाहिलं. हवं तर त्यांनी स्वतः येऊन बोट लावून बघावं, मी चहा पाजते.

गेला तो वॉटर पंप. आतल्या पंखाची पाती गंजून बिस्किटासारखी झाली होती आणि बेअरिंगचा भुगा. म्हणजे तो आवाज पंपाचाच होता आणि मी पट्टा म्हणाले. माझं चुकलं. पण अंबू, मला एक सांग. हा पंप महिनोन्‌महिने गळतो आहे, खाली डागांचे ओघळ वाळून बसलेत. मग पाणी काठोकाठ कसं? आणि कूलंट कुठं गेलं? तो हिरवा पातळ पदार्थ मीच भरून दिला होता, त्यानं गंज धरत नाही. आता आत निव्वळ झऱ्याचं तांबडं पाणी. भूत येऊन पाणी घालून जातं का तुमच्याकडं?

तुझी गुलजार


हिर्डोशी
१ मार्च २०२५

गुलजार,

भूत घावलं. आमचंच हाय, धोतर नेसतं.

हे पासलीहून आलं. तुजी चिठ्ठी म्या मोठ्यानं वाचली आन् भुताचं ऐकल्यावर हे एकदम तंबाखू मळायला लागलं. म्या म्हणलं, बोला. तर म्हणत्यात, "म्या घालायचो. रोज पहाटं, तुमी उठायच्या आदी, झऱ्याचं."

का तर म्हणं, थोरल्याम्होरं मान हलवली ते मनाला लागलं व्हतं. जीप तहानली तर सुनेवर बोल येईल, म्हणून गुपचूप पाजत व्हतं. डोळ्यांनी नीट दिसत न्हाई, चाचपत जायचं. मला इतका राग आला, आन् रागातच रडू आलं. माणसानं माया करावी ती अशी चोरून? पाणी कमी व्हतंय हे एकदा जरी बोललं असतं तर पंप कवाच बदलला असता.

मंग म्या वाड्यावाड्यांवर इचारलं. त्या बी समद्या कबूल झाल्या! जीप थांबली की शेफालीला चहा, आन् एक जण गुमान पुढच्या डब्यात तांब्या रिकामा करणार. पोरी पोचवती बिचारी, तिची गाडी तहानली नको. समद्या खोऱ्यानं मिळून तुजं कूलंट धुवून काढलं बघ.

म्या काय कमी न्हाई. "पाजत जा" म्हणलेलं पोटात ठेवलं, आन् बूच उघडायचं बंद म्याच करायला लावलं. तसं शेफालीला सांगून टाकलं. ती हसली नुसती, म्हणली, "आत्या, आता रोज सकाळी तुमीच बघा." म्हणजे मला कामाला लावलं.

भावजींना इंजिनाचं सांगितलं. "बघू," म्हणलं आन् उठून गेलं. ह्यो माणूस हरला तरी हरत न्हाई. जीप आणाया हे सोता शेफालीबरं यायचं म्हणत्यात. किल्ली कुणाच्या हातात जाती ते मला कळवून धाड. माजा जीव तिथं अडकलाय.

अंबू


कापूरहोळ
६ मार्च २०२५

प्रिय अंबू,

ही चिठ्ठी शेफालीपाशीच देते, तुझ्या जीपमधूनच येईल. मला रोजा आहे. तोंडात पाण्याचा थेंब नाही आणि सकाळपासून पाण्याचंच बोलणं चाललंय.

नवा पंप बसला, नवं कूलंट भरलं. तासभर इंजिन चालू ठेवलं, मी डोळे मिटून ऐकलं. झोपलेल्या बाळाचा श्वास ऐकावा तसं वाटलं गं. बुचावर फिरोजनं लाल रंगानं मोठ्या अक्षरांत लिहिलंय, "पाणी घालू नये".

आता तुझा अडकलेला जीव सोडवते. काम झाल्यावर फिरोजनं रिवाजाप्रमाणं किल्ली तुझ्या ह्यांच्या, गेनबाभाऊंच्या हातावर ठेवली. घरातलं मोठं माणूस, म्हणून. भाऊंनी ती चाचपली, मुठीत धरली. मग म्हणाले, "मला कशापायी देतो लेका? मला दिसतंय का? जिनं इंजिन राखलं तिची किल्ली. थोरल्याला मी सांगीन, तोंडावर सांगीन." आणि चाचपत शेफालीच्या बाजूला जाऊन पुढच्या सीटवर बसले. तोवर कधी बसले नव्हते म्हणे तिच्या शेजारी. पोरगी स्टेरिंगवर डोकं टेकून रडली. मी तिला ओरडले, माझ्या गॅरेजात इंजिन बरं झाल्यावर कुणी रडायचं नाही. मग मीच रडले.

तुझी गुलजार


हिर्डोशी
८ मार्च २०२५

माजे गुलजार,

परवाची मिरवणूक तुला दावायला पायजे व्हती! नवरदेवाची बी अशी निगत न्हाई.

भोरहून पोरी भरून घेतल्या, पेपर चांगला गेल्याला, समद्या गात बसलेल्या. जीपचा हॉर्न ऐकला की वाडीवाडीतनं बाया तांब्या घिऊन रस्त्यावर. सवयच ती. शेफालीनं खाली उतरून बूच दावलं. पोरींनी वाचून दावलं. बाया हिरमुसल्या. आणलेलं पाणी माघारी कसं न्यायचं? तवा एक जण म्हणली, "मंग तू पी!"

झालं. पहिल्या वाडीला प्याली. दुसऱ्या वाडीला, आमच्या हितनं काय घेतलं न्हाई, म्हणून प्याली. कुणी गूळ दिला, कुणी हळदीकुंकू लावलं, आन् वर पाणी. न्हाई म्हणायची सोय न्हाई. आमचं हे शेजारी बसून हसत्यात आन् म्हणत्यात, "पी बाई पी, आता तुजी बारी."

खालच्या वाडीला आली तर रस्त्यात भावजी उभं. हातात तीच पितळेची कळशी, घासून लखलखीत केल्याली. ह्यांनी दार उघडलं, भावासमोर जाऊन उभं राहिलं आन् म्हणलं, "दादा, किल्ली सुनेकडंच ऱ्हाईल." जल्मात पहिल्यांदा थोरल्याला न्हाई म्हणलं गं! भावजी म्हणलं, "म्या मागितली का? हो बाजूला."

आन् शेफालीला म्हणलं, "सूनबाई, त्या दिशी माजी कळशी माघारी धाडलीस. आता माघारी न्हेणार न्हाई. ही जीपला न्हाई, तुला हाय."

तिनं डोक्यावर ओढणी घेतली, ओंजळ केली. थोरल्या सासऱ्यानं पाणी ओतलं आन् माजी सून प्याली, समद्या वाडीम्होरं. मंग भावजींनी शिवानीकडं बघून हाळी दिली, "पेपर संपलं की हिला बी शिकीव गाडी. स्वरूपला काय ते जमत न्हाई." स्वरूप तिथंच उभा व्हता, त्यानं मोबाईलमधी तोंड घातलं.

ईदला आमी समदी येतोय, जीप भरून. शीरखुर्मा मोठ्या पातेल्यात कर. बूच आता रोज सकाळी म्या उघडती, बघती आन् बंद करती. एक थेंब घालत न्हाई. एक थेंब कमी बी झाला न्हाई.

आन् शेफाली? पोटात समद्या खोऱ्याचं पाणी डुचमळत व्हतं, वाटेत दोनदा थांबून करवंदीच्या जाळीमागं जाऊन आली. पण हिर्डोशीचा शेवटचा चढ तिनं एका दमात काढला, आन् काटा दारात येईपत्तुर जागचा हालला न्हाई.

तुजी अंबू